बॉल फेकणारं मशीन आणि न दमणारं कुत्रं : नवख्यांसाठी सगळ्या पायऱ्या

घरात दोन वर्षांचं, लॅब्रॅडॉरच्या वळणाचं कुत्रं असेल तर खांदा भरून येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आमची चिंगी अर्धी लॅब, अर्धी गावठी. बॉल फेकणारा माणूस दमतो, ती दमत नाही. म्हणून मशीन आणलं. ते कसं आणायचं, कुठे ठेवायचं आणि कुत्र्याला त्याच्याशी कसं जुळवून घ्यायला शिकवायचं, ते इथे क्रमानं लिहितोय. आम्ही नागपूरला राहतो. त्यामुळे उन्हाचा विषय वारंवार येईल, आणि तो यायलाच हवा.

मशीनचं काम सोपं आहे. वरच्या नरसाळ्यात बॉल पडला की आतली मोटर तो पुढच्या तोंडातून फेकते. कुत्रं धावतं, बॉल आणतं आणि परत नरसाळ्यात टाकतं. जाहिरातीत हे सगळं अर्ध्या मिनिटात दिसतं, कारण तिथलं कुत्रं आधीच शिकलेलं असतं. मशीन फक्त फेकतं. बॉल आणून टाकायला शिकवणं आणि खेळ वेळेवर थांबवणं ही दोन्ही कामं तुमचीच राहतात. ती करायची तयारी नसेल तर पैसे वाचवा.

१. आधी कुत्र्याकडे बघा, मग मशीनकडे

खालच्यांपैकी काही तुमच्या कुत्र्याला लागू असेल तर घाई करू नका.

पिल्लू असेल तर थांबा. पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग मऊ असतो. मोठ्या जातींमध्ये तो पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर एकसारखं धावणं, झपकन वळणं आणि उड्या मारणं सांध्यांना बाधतं. तोपर्यंत हातानं, जमिनीवरून बॉल घरंगळत सोडा.

पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं मुळातच कठीण जातं. त्यांच्यासाठी हे खेळणं मला पटत नाही, निदान आपल्या हवामानात तरी नाही.

लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास बऱ्याचदा आढळतो. सकाळी उठताना कुत्रं मागचे पाय आखडून चालत असेल, किंवा जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. जाताना लसीकरणाचं पुस्तक आणि जुने एक्स-रे असतील तर तेही न्या. गुडघे, खुबा, हृदय, वजन आणि दात एवढं बघून घ्यायला सांगा.

आणखी एक प्रकार आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काही कुत्री बॉलसाठी अक्षरशः वेडी असतात. बॉल कपाटात ठेवला तरी कपाटासमोर बसून राहतात, जेवण सोडतात. अशा कुत्र्याला मशीन आणून देणं म्हणजे आगीत तेल. त्याला वास घेण्याचे खेळ, लांब पट्ट्यावरचं सावकाश फिरणं आणि चघळायला काहीतरी देणं जास्त गरजेचं आहे.

घरात दोन कुत्री असतील तर मशीनसमोर एका वेळी एकच. एकत्र सोडली की भांडण ठरलेलं.

२. मशीन निवडताना

बाजारात साधारण तीन तऱ्हा आहेत. काहींमध्ये फिरत्या चाकांमधून बॉल बाहेर ढकलला जातो, काहींमध्ये स्प्रिंगवर ताणलेला दांडा बॉलला फटका मारतो, आणि काहींमध्ये वीजच नसते, बॉल वरून पडून घसरगुंडीवरून एका भोकातून बाहेर येतो. तिसरा प्रकार फ्लॅटसाठी आणि घाबरट कुत्र्यांसाठी चांगला आहे. लोक त्याला खेळणं समजून सोडून देतात, पण सुरुवातीला तोच घ्यावा असं माझं मत आहे.

सगळ्यात महत्त्वाचा बॉलचा आकार. आयफेच नावाच्या मशीनचं छोटं मॉडेल दीड इंची बॉल वापरतं. ते छोट्या जातींसाठी आहे. लॅबला तो बॉल दिला तर थेट घशात जाऊन अडकू शकतो आणि कुत्रं काही मिनिटांत गुदमरू शकतं. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला साधा टेनिस बॉल चालणारंच मशीन घ्या. टेनिस बॉल साडेसहा सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा असतो. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या धिप्पाड कुत्र्याला तोही लहान पडतो. बॉल सुळ्यांच्या मागे सहज जात असेल तर तो त्या कुत्र्यासाठी लहान आहे, एवढं लक्षात ठेवा.

इथे आपल्याकडचा एक खास घोळ. कोपऱ्यावरच्या स्पोर्ट्सच्या दुकानात टेनिस बॉल मागितला की दुकानदार क्रिकेटचा हेवी टेनिस देतो. तो जड असतो. मशीन तो नीट फेकत नाही, मोटरवर ताण येतो, आणि कुत्र्याच्या तोंडावर बसला तर जोरात लागतो. लाइट बॉल मागा.

अंतर किती हवं? आयफेचच्या छोट्या मॉडेलमध्ये १०, २० आणि ३० फूट असे टप्पे आहेत, मोठ्यात १०, २५ आणि ४०. पेटसेफ कंपनीचं मशीन साधारण ८ ते ३० फूट फेकतं आणि त्यात कोनही बदलता येतो. तुमच्या जागेत मावतं तेवढंच अंतर कामाचं. खोक्यावरचा मोठा आकडा बघून जास्त पैसे मोजू नका. सगळ्यात कमी अंतराचा टप्पा किती आहे ते मात्र नक्की बघा, कारण शिकवताना तोच लागतो.

विजेचं : बाहेरून मागवलेल्या मशीनचा अडाप्टर उलटा करून त्यावरचं बारीक अक्षर वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्याकडे चालेल, फक्त पिन बदलणारा प्लग लागेल. नुसतं ११० किंवा १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावू नका, जळेल. सेलवर चालणारी काही मशीन टॉर्चचे ते मोठे जाडे सेल खातात, एकदम सहा. सेलचा खर्च आधीच हिशेबात धरा. अंगणात वायर ओढायची नसेल तर चार्ज होणारं मॉडेल बरं पडतं.

३. सामान

- मशीन आणि सहा-सात एकसारखे लाइट टेनिस बॉल
- लांब पट्टा, दहा ते पंधरा फूट
- घमेलं किंवा प्लास्टिकचा रुंद टब (हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही, सातव्या पायरीत लागणार आहे)
- मटाराएवढे तुकडे केलेला खाऊ : उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन, पनीर किंवा रताळं
- जाड चटई, फरशी असेल तर रबरी मॅट किंवा जुन्या सतरंज्या
- पाण्याचं भांडं, जुना टॉवेल
- कुत्र्यासाठीचा थर्मामीटर

४. जागा

घरातली गुळगुळीत फरशी या खेळासाठी धोक्याची आहे. कुत्रं वेगात येतं, बॉलजवळ ब्रेक मारतं, पाय फाकतात आणि गुडघ्याची लिगामेंट तुटते. ऑपरेशनचा खर्च मशीनच्या कितीतरी पट असतो. घरातच खेळवायचं असेल तर धावण्याची पूर्ण पट्टी झाका. सतरंजीखाली सरकू नये म्हणून रबर घाला. कुत्र्याची नखं आणि पंजांमधले केस कापा. खालच्या मजल्यावर कोण राहतं याचाही विचार करा. टपटप उडणारा बॉल आणि त्यामागे पंचवीस किलोचं कुत्रं हा आवाज दुपारी झोपलेल्या माणसाला फार लागतो. जाऊन एकदा बोलून या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रार आल्यावर बोलण्यापेक्षा ते सोपं आहे.

गच्चीबद्दल स्पष्ट लिहितो. कठडा तुमच्या छातीएवढा नसेल तर गच्चीवर हे मशीन लावू नका. बॉल टप्पा घेऊन कठड्यावरून गेला की कुत्रं विचार करत नाही. बाल्कनीत तर नाहीच.

अंगण किंवा बंद आवार सगळ्यात चांगलं. मशीनचं तोंड फाटकाकडे नको. पावसाळ्यात गवतातून येणारे गोचीड खेळ झाल्यावर कानात आणि बोटांच्या मध्ये शोधा. मोकळ्या सार्वजनिक मैदानावर मशीन नेऊ नका. तिथली इतर कुत्री त्या बॉलवर हक्क सांगायला येतात.

५. ‘सोड’ (मशीन अजून खोक्यातच)

अर्धं काम या पायरीत आहे. बहुतेक कुत्री बॉल आणतात, पण देत नाहीत. चार फुटांवर थांबून मान तिरकी करून बघत राहतात आणि तुम्ही पुढे गेलात की पळतात. तोंडातून बॉल ओढला तर त्यांच्या लेखी रस्सीखेच सुरू होते, आणि ती त्यांना आवडते.

दोन अगदी सारखे बॉल घ्या. एक फेका. कुत्रं तो घेऊन आलं की दुसरा दाखवा, हातात थोडा नाचवा. तोंडातला बॉल आपोआप गळतो. गळता क्षणीच ‘सोड’ म्हणा आणि दुसरा बॉल फेका. काही दिवसांत शब्द आधी आणि सोडणं नंतर होऊ लागेल. मग दुसरा बॉल पाठीमागे लपवा. शेवटी एकाच बॉलवर या.

शब्द घरात एकच ठरवा. आमच्याकडे आई ‘टाक’ म्हणायची, मुलगा ‘ड्रॉप’ आणि मी ‘सोड’. चिंगीनं तिघांचंही ऐकणं बंद केलं होतं. फ्रिजवर चिठ्ठी लावली, मग जमलं.

कुत्रं बॉल घेऊन पळालं तर मागे धावू नका. पाठ फिरवून घराकडे चालू लागा. लांब पट्टा याच वेळी कामाला येतो.

‘सोड’ पक्का होईपर्यंत खोकं उघडू नका, हे मी आग्रहानं सांगतो.

६. बंद मशीनची ओळख, मग आवाजाची

मशीन बंद करून जेवणाच्या जागेजवळ ठेवा. आसपास खाऊचे तुकडे टाका. कुत्रं सहज येऊन हुंगून गेलं की झालं. मात्र एकटं असताना मशीन त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका, वायर चावली जाईल.

आवाजाची ओळख दुसऱ्या खोलीतून करा. कुत्रं जेवत असताना कुणीतरी शेजारच्या खोलीत, दार लावून, मशीन बॉलशिवाय चालू-बंद करावं. कुत्र्यानं मान वर न करता जेवण चालू ठेवलं की दुसऱ्या दिवशी दार अर्धं उघडा. कान मागे, शेपूट पोटाशी, उगाच ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, ही भीतीची लक्षणं. यातलं काही दिसलं तर एक पाऊल मागे जा. दिवाळीच्या आठवड्यात ही पायरी करूच नका. फटाक्यांनी कुत्रं आधीच हललेलं असतं.

काही मशीन फेकण्याआधी बीप करतात. तो आवाज बंद करू नका. तो आला की बाजूला व्हायचं, हे कुत्रं शिकू शकतं.

७. घमेल्यापासून नरसाळ्यापर्यंत

कुत्र्याला ‘बॉल नेमका इथे टाक’ हे समजावणं अवघड असतं, कारण नरसाळं लहान आणि उंच. म्हणून मोठ्या आणि खालच्या भांड्यापासून सुरुवात करायची.

जमिनीवर बसा, मांडीसमोर घमेलं ठेवा. कुत्रं बॉल घेऊन आलं की घमेल्याच्या वर खाऊचा हात धरा. ते खाऊकडे तोंड आणतं, तुम्ही ‘सोड’ म्हणता, बॉल घमेल्यात पडतो आणि टण्ण आवाज येतो. लगेच खाऊ द्या. तो टण्ण म्हणजे खाऊ, हे समीकरण फार लवकर डोक्यात बसतं. लोखंडी आवाजाला दचकणाऱ्या कुत्र्यासाठी टब वापरा. बॉल बाहेर पडला तर रागावू नका, खाऊही देऊ नका. उचलायला सांगा आणि पुन्हा.

आता खाऊचा हात हळूहळू घमेल्यापासून दूर न्या. कुत्रं स्वतःहून घमेल्यावर मान आणायला लागलं की तुम्ही उभे राहा. मग एक पाऊल मागे. मग घमेलं वीट किंवा पाटावर चढवा, मशीनच्या उंचीएवढं. त्यानंतर घमेल्याच्या जागी लहान पातेलं. आणि एक दिवस पातेल्याच्या जागी बंद मशीन.

या पायरीला किती दिवस लागतील ते कुत्र्यावर आहे. शिकवणी छोटी ठेवा, पाच-सात मिनिटांची, आणि कुत्र्याला जमत असतानाच थांबवा. काही कुत्र्यांना नरसाळं कधीच जमत नाही. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि बॉल स्वतः टाकायचा. खांदा तरी वाचतो! त्यात काही कमीपणा नाही.

८. पहिला खरा फेक

दोन माणसं लागतात. अंतर सगळ्यात कमी. एकानं कुत्र्याला पट्ट्यानं मशीनच्या बाजूला, थोडं मागे धरावं. दुसऱ्यानं बॉल टाकावा. बॉल बाहेर पडून जमिनीला टेकला की पट्टा सोडा.

इथला मोठा धोका असा की बॉल कुठे गेला ते बघायला कुत्रं मशीनच्या तोंडात डोकावतं. त्या अंतरावरून बॉल डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो. काही मशीनना समोर कुणी आलं की थांबणारा सेन्सर असतो. तो असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. मशीनच्या बाजूला चटई टाका आणि बॉल टाकल्यावर चटईवर जायचं, हे शिकवा. चटईवर चारही पाय असतील तरच मशीन चालू करायचं बटण दाबायचं. लहान मुलांनाही हाच नियम, त्यांनी चटईच्याही मागे.

चटईवरून सुटका झाली की कुत्रं तीरासारखं जातं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा घरातले सगळे टाळ्या वाजवतात. वाजवा, पण हळू.

९. थांबवायचं कधी

मशीनला कुत्र्याची दमछाक कळत नाही. पेटसेफचं मशीन १५ मिनिटं खेळून झालं की १५ मिनिटं आपोआप विश्रांती घेतं, ही चांगली सोय आहे. पण आपल्या उन्हाळ्यात १५ मिनिटं सलग धावणं हीच मर्यादेबाहेरची गोष्ट आहे. मी दहा-बारा फेकांनंतर मशीन बंद करतो, पाणी देतो, श्वास शांत झाल्यावर हवं तर पुन्हा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळं धापा टाकण्यावर. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि नवतप्यात (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तर रात्री नऊलाही गच्चीची स्लॅब भाजत असते. त्या दिवसांत खेळ पहाटे साडेपाचला, नाहीतर नाहीच. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिथे पंजेही ठेवायचे नाहीत. मुंबई-कोकणात पारा कमी असला तरी दमट हवेत धापा टाकून अंग थंड होत नाही, त्यामुळे तिथल्यांनीही ढिलाई करू नये.

हे दिसलं की खेळ तिथेच बंद : जीभ लांब आणि टोकाशी रुंद झालेली, हिरड्या गडद लाल, लाळ चिकट आणि दाट, पावलं अडखळणारी, बॉल समोर असूनही न उचलणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. आधी थंड करा, मग गाडीत घाला.

जेवण आणि खेळ यांत किमान तास-दीड तासाचं अंतर हवं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये भरल्या पोटी उड्या मारल्यानं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जीवघेणा असतो.

थांबण्याचाही एक शब्द ठेवा. आम्ही ‘संपलं’ म्हणतो, प्लग काढतो आणि मशीन कुत्र्यासमोरच कपाटात ठेवतो. लगेच गवतात मूठभर खाऊ विखरून देतो. तो हुंगून शोधण्यात पाच मिनिटं जातात आणि डोकं शांत होतं. हे केलं नाही तर कुत्रं तासभर कपाटासमोर भुंकतं. मशीन उघड्यावर ठेवलं तर दिवसभर भुंकतं.

१०. निगा

लाळेनं चिंब झालेला बॉल मशीनमध्ये घसरतो आणि अंतर कमी होतं. दर काही फेकांनी कोरडा बॉल घ्या, ओला टॉवेलनं पुसा. टेनिस बॉलच्या लोकरीत माती अडकली की तो दातांना सँडपेपरसारखा घासतो, म्हणून बॉल फेकण्यापुरता द्या, चघळायला नाही. फाटलेला बॉल लगेच टाका. लोकर गिळली तर आतड्यात अडकू शकते.

आठवड्यातून एकदा प्लग काढून नरसाळं आणि तोंड ओल्या फडक्यानं पुसा. चाकांवर जमलेला लोकरीचा लगदा जुन्या टूथब्रशनं काढा. पावसात मशीन आत घ्या, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

अडलं तर

बॉल मशीनपाशी आणून शेजारी ठेवतं : सातवी पायरी पातेल्यापासून पुन्हा करा.

मशीनवर भुंकतं : बॉल उशिरा बाहेर येतोय. काही मॉडेलमध्ये हा उशीर कमी-जास्त करता येतो. होत नसेल तर भुंकत असताना बटण दाबू नका, गप्प झालं की दाबा. नाहीतर भुंकलं की बॉल येतो, एवढंच ते शिकेल.

अचानक कमी अंतर जातंय : आधी बॉल पुसा, मग सेल किंवा चार्जिंग बघा, मग चाकं.

दुसऱ्या दिवशी लंगडतं किंवा उठताना कण्हतं : आठवडाभर मशीन कपाटात, फिरणं फक्त पट्ट्यावर. दोन दिवसांत फरक नसेल तर डॉक्टर. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

आठवडाभर खेळून मग ढुंकूनही बघत नाही : होतं असं. बहुधा त्याला बॉलपेक्षा तुम्ही फेकणं आवडत होतं. मशीन स्वच्छ करून विकून टाका. खोकं आणि अडाप्टर असेल तर बरी किंमत येते, म्हणून खोकं फेकू नका.